लोंब्यांना डोळे आले

येळ्ळूरमध्ये कुणाच्या विहिरीत काही पडलं, की माणसं आधी मष्णूला हाक मारायची आणि मग काय पडलंय ते सांगायची. हंडा असो, कुदळ असो, कुणाचा मोबाइल असो, नाहीतर पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी गाळ बसलेला असो. मष्णू हट्टीकर शर्ट काढून पायरीवर ठेवायचा, छाती भरून घ्यायचा आणि आवाज न करता पाण्यात शिरायचा. वरची माणसं आकडे मोजायची. शंभराच्या पुढं गेलं की नवखा माणूस घाबरायचा. गावातले लोक निवांत तंबाखू मळत बसायचे, कारण दीडशेच्या आत मष्णू वर येत नाही हे त्यांना माहीत होतं.

वय पन्नाशीला टेकलेलं. दोन एकरांत भात, भात निघाला की मसूर, शनिवारी देवळात भजनाची पेटी, आणि हे विहिरीचं काम. एवढाच त्याचा संसार म्हणायचा, पण एक खोड होती. हंडा हाताला लागला तरी तो लगेच वर यायचा नाही. खाली रेंगाळायचा. कपारीतला खेकडा कात टाकतोय, कासव एका पायानं मान खाजवतंय, मरळ आपल्या पिल्लांभोवती गस्त घालतेय, हे बघत राहायचा. वर आला की सांगायला जायचा, "मरळीनं पिल्लं काढल्यात. दोनशे तरी असतील." ऐकणारा विचारायचा, "हंडा घावला काय?"

घरी बायकोला, रुक्माबाईला सांगावं तर ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तीस वर्सं मी ह्या घरात हाय. माझ्याकडं कधी एवढं टक लावून बघितला न्हाय."

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात राजहंसगडाच्या अंगाला असलेल्या पाण्यानं भरलेल्या एका बंद दगडखाणीत कुणाचा तरी पंप सुटून तळाला गेला. मष्णू दोर घेऊन उतरला. तीन पुरुष खोल, म्हणजे तीन माणसांच्या उंचीएवढ्या पाण्याखाली, जिथं उन्हाचा तिरका पट्टा येत होता, तिथं त्याला काहीतरी हललेलं दिसलं. रुपयाएवढी, काचेसारखी आरपार छत्री. ती मिटली, उघडली आणि बोटभर वर सरकली. तिच्या मागं दुसरी. मग त्याची नजर बसली आणि त्याच्या लक्षात आलं, की सगळं पाणीच छत्र्यांनी भरलेलं आहे. पंप विसरून तो तसाच तरंगत राहिला. वर आला तेव्हा दोर धरणारे घामाघूम झाले होते.

"प्लॅस्टिक असंल रं," एकजण म्हणाला.

"प्लॅस्टिक मिटतंय उघडतंय व्हय?"

कुणी मनावर घेईना. दुसऱ्या दिवशी मष्णूनं रुक्माबाईची लोणच्याची रिकामी बरणी घासून घेतली, खाणीत उतरला, चार छत्र्या बरणीत घेतल्या आणि ती मांडीवर धरून बेळगावची बस पकडली. प्राण्यांचं शिकवतात ते कॉलेज कुठलं, असं विचारत विचारत तो एका फाटकाशी पोचला. शिपाई आत सोडेना. मष्णू हटेना. वाद चालू असतानाच पायऱ्यांवरून विनोदिनी मॅडम उतरल्या. पंचेचाळिशीच्या, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, खांद्याला भली मोठी पिशवी. त्यांनी बरणीकडं नुसतं बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"आमच्या खाणीत. हजारभर हायत."

"पकडलंत कसं? जाळी वापरली?"

"न्हाय ओ. जाळीनं मोडत्यात ती. बरणी उघडून गप थांबलो. आपसूक आत आली."

मॅडम तिथंच पायरीवर बसल्या. बरणी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या. "हा जेलीफिश आहे," त्या म्हणाल्या. "गोड्या पाण्यातला. मी वीस वर्षं वर्गात शिकवतेय. जिवंत आज पहिल्यांदा बघितला."

चौथ्या दिवशी त्या मुलांना घेऊन खाणीवर आल्या. मष्णूनं पुढं होऊन सगळं दाखवलं. मुलं गेल्यावर मॅडम मोजे झटकत उभ्या होत्या, तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, ह्यांची भावकी समुद्रात असती म्हणालासा. ती कशी असती?"

"बघायला येता? मी दर जानेवारीला मालवणला जाते. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्यात उतरायचं. तासभर खाली राहता येतं."

"तासभर," मष्णू म्हणाला. पुढचे सात महिने तो शब्द त्याच्या डोक्यात घुमत राहिला.

जानेवारीत मॅडमच्या गाडीतून चंदगड, आंबोली करत दोघं मालवणला पोचले. गावाच्या दक्षिणेला खडकांनी वेढलेली एक लहानशी खाडीवजा जागा होती. तिथं नारळाखाली सिलिंडरांची रांग आणि वाळत घातलेले रबरी पोशाख. ती जागा माधवीची. कोळ्याची मुलगी, तिशीतली, पाण्याखाली उतरायला शिकवण्यात तरबेज. तिनं मष्णूच्या छातीचा भाता बघितला, मॅडमकडून त्याची कीर्ती ऐकली आणि म्हणाली, "काका, सगळं छान आहे. फक्त एक गोष्ट करायची नाही. श्वास रोखायचा नाही."

मष्णू हसला. त्याला वाटलं, गंमत करतेय.

"खरंच सांगते. सिलिंडरमधली हवा दाबाखालची असते. छातीत कोंडून वर आलात तर ती फुगते आणि फुफ्फुस फाटतं. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. थांबायचं नाही."

चाळीस वर्षं जी गोष्ट केली तीच करायची नाही. कंबरभर पाण्यात गुडघ्यावर बसून सराव सुरू झाला. तोंडात नळी धरून मष्णू डोकं आत घालायचा आणि पाणी कानाला लागताच त्याची छाती आपोआप कुलूप लावायची. बुडबुडे बंद. माधवी त्याला दंडाला धरून बाहेर काढायची. पहिल्या दिवशी तिनं त्याला सात वेळा बाहेर काढलं. मॅडमना वीस आकडेसुद्धा दम धरता येत नव्हता, पण त्या पलीकडं मजेत तळाशी फिरून आल्या.

रात्री मष्णूनं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "बाई, मी उद्या बसनं परत जातो. माझं जे काय हाय ते हितं उलटं पडतंय."

"अजून एक दिवस बघा," मॅडम म्हणाल्या. "मला पोहायला शिकायला तीन वर्षं लागली होती."

पहाटे त्याला झोप येईना. वाळूत जाऊन बसला. भजनातली एक चाल मनात चालू होती आणि त्याचा डावा हात सवयीनं मांडीशी हलत होता, उघड, मीट, उघड, मीट. पेटीचा भाता तो असाच मारायचा. भाता थांबला की सूर तुटतो, म्हणून हात थांबू द्यायचा नाही, हे त्याच्या बापानं चापट मारून शिकवलं होतं. मष्णूचं लक्ष हाताकडं गेलं. तो तसाच उठला आणि माधवीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

त्या सकाळी पाण्याखाली माधवीनं बघितलं, की काकांचा डावा हात कमरेशी उघडतोय, मिटतोय आणि तोंडातून एका लयीत बुडबुडे निघतायत. ती वाट बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वर आल्यावर तिनं विचारलं, "हातानं काय करत होतात?"

"भाता मारत होतो," मष्णू म्हणाला.

चौथ्या दिवशी ते किनाऱ्यावरून खरेखुरे आत गेले. पाठीवर सिलिंडर, हातात पायांत घालायचे रबरी फिन, धारदार कालवं टाळत एकेक पाऊल. छातीभर पाण्यात थांबून फिन चढवले आणि खाली डोकं घातलं.

विहिरीचा तळ त्यानं कायम घाईत बघितला होता. इथं घाई करायला कुणी नव्हतं. खडकाच्या कडेनं उतरत गेले तसतसे रंग येत गेले. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे मासे कळपानं येऊन त्याच्या मास्ककडं बघून गेले. एक निळा-हिरवा मासा दातांनी खडक कुरतडत होता आणि तो कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता, कुणी शेजारी बसून फुटाणे खावेत तसा. काटेरी साळूंसारखे गोळे फटींत बसले होते. एका दगडावर नखाएवढी जांभळी गोगलगाय, पाठीवर पिवळी झुलपं घेऊन, शंखाशिवायच चालली होती. मॅडम तिच्याकडं बोट दाखवून पाण्यातल्या पाण्यात नाचल्या. मष्णूचा डावा हात चालू होता. आत्ताशी दहा मिनिटं झाली होती. अजून पाऊण तास हातात होता. एवढं श्रीमंत त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

परतताना पाणी गढूळ झालं. माधवी आणि मॅडम पुढं निघाल्या. मष्णूची नजर गढूळ पाण्यातच मुरलेली. एका कपारीपुढं कुणीतरी रचून ठेवल्यासारखी दगडांची ओळ त्याला दिसली. त्यामागचा एक दगड श्वास घेत होता. फुगायचा, बसायचा. मष्णू थांबला, विहिरीत थांबायचा तसा, काहीही न हलवता. मग त्या दगडाला डोळा असल्याचं त्याला दिसलं, आडव्या फटीचा. ऑक्टोपस होता.

त्यानं माधवीचा फिन ओढला. तिनं बॅटरी तिरकी धरून आत उजेड टाकला. कपारीच्या छताला पांढऱ्या दाण्यांच्या माळा लटकत होत्या, गच्च, एकीशेजारी एक. ऑक्टोपसनं दोन हात पसरून त्यांच्यावर आडोसा धरला.

वर येताच मष्णूनं तोंडातली नळी काढली. "भाताच्या लोंब्या बघितलासा काय? आत टांगल्यात."

"अंडी आहेत ती," माधवी म्हणाली. "मी रोज इथून जाते. मला कधी दिसली नाही ही."

जेवताना मॅडमनी सगळं सांगितलं. ती मादी आता महिनाभर जागची हलणार नाही. काही खाणार नाही. अंड्यांवर सारखं पाणी फुंकत राहील, त्यांना शेवाळ धरू देणार नाही. पिल्लं बाहेर पडली की तिचं आयुष्य संपतं. मष्णूनं घास खाली ठेवला. "आणि पिल्लं कधी बाहेर पडत्यात?"

"रात्री, बहुतेक."

येळ्ळूरला परतल्यावर मसूर काढायला आली होती. मष्णू रानात वाकायचा आणि दर थोड्या वेळानं फोन बघायचा. माधवीनं आठवड्यातून एकदा चित्रफीत पाठवायचं कबूल केलं होतं. पहिल्या आठवड्यात दाणे पांढरेच. दुसऱ्या आठवड्यातही तेच. रुक्माबाई म्हणाली, "पहिल्या बाळंतपणाला बी तुमी एवढं केला नव्हतासा."

तेविसाव्या दिवशी फोन वाजला. मष्णूनं चित्र बोटांनी मोठं केलं. प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके. त्यानं बांधावरूनच मॅडमना फोन लावला. "बाई, लोंब्यांना डोळे आले."

मॅडमनी हातातलं वेळापत्रक चाळलं. मग म्हणाल्या, "म्हणजे थोडेच दिवस. पण माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू आहेत. शनिवारी दुपारपर्यंत सुटका नाही. तुम्ही पुढं व्हा."

गुरुवारी मष्णू एकटाच एसटीनं निघाला. रुक्माबाईनं भाकरी बांधून दिली आणि उरलेली मसूर जावेला घेऊन काढते म्हणाली.

शुक्रवारी दिवसा तीनदा तो माधवीबरोबर पाण्यात उतरला. मादी ओळखू येईना एवढी वाळली होती, रंग राखेसारखा. पण फुंकणं चालू होतं. अंड्यांतले डोळे बॅटरीकडं वळत होते. रात्री उतरायचं म्हटल्यावर माधवीनं आधी नकार दिला. नवशिक्यानं रात्री उतरायचं नसतं. मष्णू रबरी पोशाख हातात घेऊन दाराशी उभा राहिला. अखेर ती म्हणाली, "पाच मीटरच्या आत. माझ्या हाताच्या अंतरात. मी अंगठा वर केला की वर यायचं, एक क्षण जास्त नाही."

दिवसाचा तो खडक रात्री वेगळाच होता. दिवसा दिसलेले मासे फटींत आडवे होऊन झोपले होते, आणि खडक कुरतडणारा तो निळा-हिरवा मासा स्वतःभोवती कापडासारखी पातळ पिशवी विणून तिच्यात निजला होता. जे दिवसा दिसलं नव्हतं ते आता कामाला लागलं होतं. बॅटरीच्या झोतात झिंग्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकायचे. एक खेकडा पाठीवर स्पंजाचा तुकडा टोपीसारखा धरून चालला होता. मग माधवीनं खुणेनं बॅटरी छातीशी दाबायला सांगितली. अंधार झाला. तिनं हात हलवला आणि तिच्या बोटांमागं निळसर ठिणग्या उडाल्या. मष्णूनं हात हलवला. त्याच्याही बोटांतून ठिणग्या. त्याचा डावा हात तर भाता मारतच होता. कमरेशी उजेडाचा गोळा पेटायचा, विझायचा. नळी तोंडात धरून माणसाला हसता येतं, हे त्याला त्या रात्री कळलं.

लोंब्या मात्र जागच्या जागी होत्या.

शनिवारी दुपारी वारा सुटला. पाणी ढवळलं. मॅडम दिवस मावळता पोचल्या, हातावर खडूची पूड तशीच. माधवी किनाऱ्यावर उभी राहून डोकं हलवत होती. "हातभर अंतरावरचंही दिसणार नाही. कपार सापडायची नाही."

"मला सापडंल," मष्णू म्हणाला. "माझ्या हातांस्नी पाठ हाय ती वाट. खडकाची कड सोडायची न्हाय, दुसऱ्या चिरेला खाली, मग मोठ्या धोंड्याच्या डाव्या अंगाला."

वारा पडायची त्यांनी वाट बघितली. आठ वाजता लाटा बसल्या, पण पाणी अजून ताकासारखं होतं. माधवीनं तिघांना एका दोरीत घेतलं आणि मष्णूला पुढं केलं. तो बोटांनी खडक चाचपत गेला. बॅटरीचा उजेड वीतभरावर अडत होता. पहिली चीर, दुसरी चीर, खाली. धोंडा. डाव्या अंगाला त्याच्या बोटांना रचलेले दगड लागले. त्यानं दोरी दोनदा ओढली.

मॅडमनी बॅटरीवर लाल प्लॅस्टिकचा कागद लावला होता. त्या मंद उजेडात तिघं डोक्याला डोकं लावून बघत होते. मादी पुढं सरकलेली होती. तिनं अंग आक्रसलं आणि माळांवर जोरात पाणी फुंकलं. एक दाणा फुटला. त्यातून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी सुटलं आणि उलटं उडत वर गेलं. मष्णूला वाटलं, भास झाला. तिनं पुन्हा फुंकलं. पाच सुटले, वीस सुटले, मग मोजता येईना. लाल उजेडात शेकडो इवली पिल्लं, प्रत्येकाला आठ आठ हात, जन्मल्या जन्मल्या रंग बदलत होती, तपकिरी, पांढरी, तपकिरी. काही मष्णूच्या मास्कच्या काचेवर आपटली, तिथं क्षणभर टेकली आणि निघून गेली. मॅडमनी त्याचा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माधवीनं अंगठा वर केला तेव्हा मष्णूनं ताबडतोब अंगठा वर केला.

बाहेर आल्यावर सिलिंडरासकट तिघं वाळूत बसले. मॅडम मास्क काढून डोळे पुसत म्हणाल्या, "पुस्तकात ह्याला दोन ओळी आहेत, मष्णूअण्णा. दोन ओळी शिकवत होते मी."

माधवी म्हणाली, "माझा जन्म ह्या किनाऱ्यावर गेला. मीपण पहिल्यांदाच बघितलं."

 मष्णूनं तिथूनच रुक्माबाईला फोन लावला. "निघाली," एवढंच म्हणाला.

"सगळी?" पलीकडून तिनं विचारलं.

सोमवारी सकाळी तो एकदा शेवटचं बघायला गेला. मादी कपारीबाहेर पडली होती. दोन मासे तिला टोचत होते. मष्णूनं हात पुढं केला आणि मागं घेतला. वर येऊन माधवीला म्हणाला, "हाकलावं वाटलं मला." तिनं विचारलं, मग का नाही हाकललं. तो म्हणाला, "त्येंची बी पिल्लं असतील की कुठंतरी."

मार्चमध्ये मॅडमनी त्याला कॉलेजात बोलायला बोलावलं. समोर दीडशे मुलं. ज्या शिपायानं त्याला फाटकात अडवलं होतं तोही दारात उभा राहून ऐकत होता. मष्णू आपल्या भाषेत, आठवेल तसं सांगत गेला. लोंब्या कशा लटकतात ते हातवारे करून दाखवलं. मुलांनी एवढे प्रश्न विचारले, की पुढचा तास बुडाला. रुक्माबाई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. ज्या गोष्टी ती घरी अर्ध्या कानानं ऐकायची, त्या तिनं त्या दिवशी पदर तोंडाशी धरून ऐकल्या. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "ती पिशवी विणून झोपणारा मासा, त्यो सकाळी पिशवी काय करतो?"

"खातो म्हणत्यात."

"वाया जात न्हाय म्हणा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आता भात घरात आलं, की मष्णू जानेवारी-फेब्रुवारी मालवणातच असतो. माधवी नवशिक्यांना आधी त्याच्याकडं सोपवते. दम कसा रोखायचा नाही हे त्याच्याइतकं पटवून कुणी सांगत नाही. संध्याकाळी तो वहीत दिवसभर दिसलेल्या प्राण्यांची चित्रं काढतो, खाली त्यानंच ठेवलेली नावं लिहितो: फुटाणेखाऊ, टोपीवाला, झुलपी गोगलगाय. मॅडम आल्या की शेजारी शास्त्रीय नावं लिहितात. दोन चित्रांपुढं त्यांनी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय आणि ती दोन चित्रं ओळख पटवायला तज्ज्ञांकडं पाठवली आहेत.

गेल्या जानेवारीत रुक्माबाई आली. पाण्याला भिते म्हणून किनाऱ्यावर छत्री घेऊन बसायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी माधवीनं तिला नुसता मास्क लावून कंबरभर पाण्यात उभं केलं आणि तोंड बुडवायला सांगितलं. रुक्माबाईनं बुडवलं, झटक्यात वर काढलं, मष्णूकडं बघितलं. "पट्ट्याचा हाय एक. माझ्या पायापाशीच," ती म्हणाली आणि पुन्हा तोंड बुडवलं. ऊन चढलं, जेवायची वेळ टळली, पाठ पोळायला लागली. मष्णूनं दोनदा हाका मारल्या. तिनं पाण्यातूनच हात हलवून त्याला गप केलं. शेवटी माधवी आणि मष्णू दोघांनी जाऊन तिला धरून बाहेर आणलं, तेव्हा तिची बोटं पाण्यानं सुरकुतली होती आणि ती विचारत होती, की पिशवीत झोपणारा तो मासा बघायला रात्री कधी उतरायचं.